घरात अजून कोण कमावतं

अकरा महिने मी सात रस्त्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर,
कानाला हेडफोन लावून
लोकांना त्यांच्याच हप्त्याची आठवण करून देत होते.
खाली झेरॉक्सचं दुकान, वर पत्रा.
एप्रिलात पंखा फिरायचा, इस्त्री फिरवल्यासारखा.

समोर कागद. तिसऱ्या पानावरचं एक वाक्य माझं.
साहेबांना इतकं आवडलं की सगळ्या टेबलांवर चिकटवलं,
मला त्या महिन्यात पाचशे रुपये आणि एक कुकर:
‘ताई, घरात अजून कोण कमावतं?’
आवाज मऊ ठेवायचा. जोर ‘ताई’वर नाही,
‘अजून’वर.

मग साखर पेठेतले राजेशम बुरा.
थकबाकी दोन हजार एकशे पन्नास.
भरतो की मॅडम, म्हणाले, उद्याच भरतो,
माग विकला.
कितीला, मी विचारलं. हे कागदावर नव्हतं.
अडतीस रुपये किलो.
आणि मग, जणू मीही बाजारात चौकशीच करत होते,
बीड आहे ना, वजन चांगलं भरतं.

आमचा चौतीसने गेला होता.
काट्यावरचा आकडा हलायचा थांबेपर्यंत
नाना तिथून हलले नव्हते.

मी हेडफोन काढला, डबा उचलला.
जिन्यात लक्षात आलं, झाकण वरच राहिलंय.
राहू दे.

नोटीस न दिल्याबद्दल शेवटचा पगार अडकला.
अम्माच्या ऑपरेशनचं कर्ज मात्र
कुठल्याच नोटिशीसाठी अडत नाही:
चार हजार तीनशे वीस, अजून चौदा वेळा.
वहीच्या मागच्या पानावर मी त्याला
बाराने, दहाने, एकदा तर उगीच सातानेही भागून पाहिलं.

अक्कलकोट रोडला युनिफॉर्मच्या कारखान्यात:
ओव्हरलॉक येतं का? नाही.
दवाखान्याच्या काउंटरवर: कन्नड येतं का?
तेलुगू येतं, म्हटलं, शिव्या कन्नडमधूनही कळतात.
डॉक्टरीणबाई हसल्या. कळवतो म्हणाल्या.
टॉवेलच्या शोरूममध्ये शेठनं विचारलं,
आधीची नोकरी का सोडली?
‘ऊन फार होतं,’ मी म्हटलं.
सोलापुरात हे कारण कुणी कारण धरत नाही.

तोवर अम्माशेजारी सूप मांडीवर घेऊन बसते.
पान कापणं दहाव्या वर्षी शिकले होते,
बोटं विसरलीयेत.
तिच्या हजारात माझ्या तीनशे,
त्यातल्या चाळीस छाटात परत.
अम्मा काही म्हणत नाही. छाट निवडते,
दोरा उसवते, तंबाखू झटकून पुन्हा भरते.
एकदाच म्हणाली, फोनवर बोलून पैसे मिळतात
हे मला कधी खरं वाटलंच नव्हतं.

सहा तारखेला फोन वाजला.
आवाज ओळखीचा. महादेवी बिराजदार, शेजारचं टेबल.
माझ्या डब्यातली शेंगाचटणी निम्मी तिचीच असायची.
‘नमस्कार. नागमणी चिलवेरी बोलताय का?
हा कॉल रेकॉर्ड होत आहे.’
बोलतेय, म्हटलं.
ती पहिलं पान वाचली. दुसरं वाचली.
कागद उलटल्याचा आवाज मला माहीत आहे.
मग ती थांबली.

मी आपणहूनच सांगितलं:
अम्मा कमावते. मीही. थोडं.
दहा तारखेला दोन हजार भरते, बाकीचं वीसला.
‘ठीक आहे... मॅडम,’ ती म्हणाली.
आणि अगदी खाली, खुर्ची सरकल्याच्या आवाजाआड,
‘झाकण माझ्याकडं आहे गं.’

आता पडद्यावर दोन रकाने आले असतील:
ग्राहक सहकार्य करतो, ग्राहक टाळतो.
बोट कुठे गेलं कोण जाणे.

दहाला अजून चार दिवस.
दोन हजारातले अकराशे आहेत.
उद्या दवाखान्यात पुन्हा जाऊन बघते,
कळवतो म्हणणाऱ्यांना आठवण करून द्यावी लागते,
तेवढं मला येतं.

अम्मानं दोऱ्याचं रीळ माझ्याकडं सरकवलं.
नळाला पाणी आलं तर सांग, म्हणाली, पाचवा दिवस आहे.