डाव्या कुशीवर

डाव्या कुशीवर वळा, हात डोक्याखाली घ्या.
दिवसातून तीसदा हे वाक्य माझ्या तोंडून निघतं
परळच्या या खोलीत, जिथे दिवा लावत नाहीत
आणि एसी म्हाताऱ्यासारखा खाकरतो.

जेल गार लागेल हं, मी म्हणाले.
हरेश्वर पागधरे, वय सव्वीस, हसला.
"मॅडम, भाऊच्या धक्क्यावर बर्फ फोडतो मी.
हे तर अंघोळीचं पाणी."
हसताना धाप लागली त्याला. तीन शब्दांमागे एक श्वास.
मी मोजलं, बोलले नाही.

ताप कधी आला होता?
झाले पंधरा दिवस. घसा, अंगदुखी, साधाच व्हायरल,
गल्लीत सगळ्यांनाच होता.
तिसऱ्या दिवशी गोळी घेऊन कामावर गेलो.
बोटी लागल्या होत्या, सुरमई होती,
बर्फ काय कुणासाठी थांबतो?

पडद्यावर त्याचं हृदय.
एकोणीस वर्षं मी ही मूठ मिटताना बघते आहे.
धडधाकट मूठ पीळ घालून मिटते,
धुणं पिळावं तशी.
याची नुसती हलत होती,
दिवसभर राबलेला माणूस
न ऐकताच हो हो म्हणत मान हलवतो
तशी.

डावा कप्पा फुगलेला. भोवती पाण्याची बारीक रेघ.
बाहेर बाकड्यावर त्याची आई कुणाला तरी सांगत होती,
"लहानपणापासनं मोठ्या काळजाचा आहे माझा हऱ्या."
दार नीट लागत नाही या खोलीचं.
सूज आणि बाळसं यांतला फरक
मला टाचणीएवढ्या दोन खुणांमध्ये मोजावा लागतो.

यंत्राने आकडा दिला. पंचवीस टक्के.
साठच्या आसपास हवेत.
आमच्या शाळेत पस्तीसला पास करायचे.

"कसंय?" त्याने विचारलं.
रिपोर्ट डॉक्टर सांगतील.
हे माझं दुसरं वाक्य. तेही तीसदा.

साळगावकर बाईंनी सांगितलं, उभ्याउभ्याच, पण हळू.
हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे.
तापाचा विषाणू बहुतेक केव्हाच निघून गेलाय.
"पाहुणा गेला, मग भांडण कसलं?" आईने विचारलं.
बाई जरा थांबल्या.
"भांडण आता घरातल्यांचंच आहे, मावशी."

मग आयसीयू. मशीन ढकलत मी वर न्यायची,
लिफ्टमन मंचेकर दार धरून ठेवायचा.
पंचवीस. बावीस.
त्या बावीसच्या दिवशी मी डबा उघडलाच नाही.
पुन्हा बावीस.
एकतीस.

तीन महिन्यांनी आला तो स्वतःच्या पायांनी, दंडांवरचं मांस उतरलेला.
आईच्या हातात थर्माकोलचा डबा, आत पापलेटची जोडी.
घेता येत नाही मावशी, नियम आहे, मी म्हणाले,
आणि घेतली.
बर्फ कुणी फोडला?
"धाकट्याने," तो म्हणाला, "नीट येत नाही त्याला, चुरा करतो."
अठ्ठेचाळीस टक्के.
"लादी उचलू का आता?"
रिपोर्ट डॉक्टर सांगतील, म्हणायला तोंड उघडलं मी,
आणि म्हणाले, एवढ्यात नाही रे बाबा.
धाकट्याला शिकू दे.

हे सगळं घरी सांगायचं नसतं.
पण परवा सुयोगला ताप आला, माझ्या मुलाला.
घसा, अंगदुखी. साधाच.
तिसऱ्या दिवशी उतरला, आणि हा म्हणे
उद्या भोईवाड्याच्या मैदानावर मॅच आहे.

रात्री त्याच्या छातीवर हात ठेवला.
तळहाताला टक्के कळत नाहीत.
नुसतं धडधडतं, सगळ्यांचं सारखंच.

सकाळी बूट शोधत होता घरभर.
मी कांदा चिरत म्हटलं,
मला काय माहीत.