कोपरभर पाणी

समुद्र मी पाहिला आहे एकूण तीनदा,
तिन्ही वेळा जहाजाचा कठडा धरून, ओकत.
आता तो मांडीवर आहे, लॅपटॉपमध्ये,
आणि बाराला लाइन जायच्या आत
त्याचे नव्वद दिवस उरकायचे आहेत.

नायट्रेटचं एक समीकरण, पेशींचं एक.
कितपत पातळ पाण्यात खाण्याचा वेग निम्मा होतो,
ते एका अक्षरात बसतं.
ऊन दुसऱ्यात, मरण तिसऱ्यात.
अकराव्या दिवशी नायट्रेट शून्यावर येतं
आणि माझ्या पेशी त्याच मिनिटाला थांबतात,
भोंगा झालेल्या गिरणीसारख्या.
जहाजावरून आणलेल्या बाटल्यांत मात्र
पाणी रिकामं झाल्यावरही त्यांनी
आणखी दोनदा दुप्पट होऊन दाखवलं होतं.
सरांचं म्हणणं, बाटल्या नीट धुतल्या नसतील.

माय बोडीवरून आली. उजवी बाही ओली,
मनगटावर हिरवी रेघ.
सोसायटीने मागच्या आठवड्यात शेण टाकलं, युरिया टाकला;
बीज कधी सोडायचं
ते कौतिका वलथरे ठरवते, पाण्यात हात घालून.
कोपर बुडता बुडता तळवा दिसेनासा झाला की पाणी तयार.
मनगटाशीच दिसेनासा झाला तर थांबायचं,
अशा पाण्यात पहाटे मासे तोंड वर काढतात.

"काहून गा, भरला का तुहा समुद्र?"
म्हटलं, खत संपलं की वाढ थांबते, तिथेच अडलंय.
पदराला हात पुसत ती हसली.
"कोनं सांगतलं थांबते? युरिया तं दोन दिसात जिरते.
पानी हिरवं होते त्याच्या मांगून.
पोटातलं पुरेस्तोवर चालते ना."

पोटातलं.

वाढीची ओळ मी खोडली.
पाण्याकडे बघून वाढणारी पेशी काढली,
स्वतःच्या साठ्याकडे बघून वाढणारी ठेवली.
प्रत्येकीच्या आत एक कोठी.
पेशी दुभंगली की कोठीचीही वाटणी,
निम्मं हिला, निम्मं तिला,
मग त्यातलं निम्मं,
जोवर उरतं तेवढ्यात नुसतं जगता येतं,
दोन होता येत नाही.
त्या आकड्याला आम्ही किमान म्हणतो.
त्यासाठी मी तीन वर्षं प्रबंध चाळले,
आणि घरी फोन करायचो तो फक्त रविवारी.

आतून आवाज आला, "वाढू का?"
मी म्हटलं, थांब, वाढतेय.
अकरा. बारा. तेरा.
रेघ अजून चढत होती आणि लाइन गेली.

जेवण झाल्यावर बोडीवर गेलो, दोघं.
देवधान बाजूला सारून मी हात घातला.
तळवा अजून दिसत होता, अंधुक, माशासारखा.
तिचा, शेजारीच, कधीच नाहीसा झाला होता.
"तू वाकून पाहून रायला," ती म्हणाली, "सावली पाडते तुहं डोस्कं."
माझा कोपर तिच्यापेक्षा तीन बोटं लांब भरतो.
वहीत ते लिहून ठेवलं,
आणि डोक्याच्या सावलीचं काय करायचं
ते अजून ठरलेलं नाही.