शतांश

उद्यमबागेत तीस वर्षं मी बोअर मोजले.
हायड्रॉलिकचे सिलिंडर, आतून आरशासारखे,
आणि माझा डायल गेज:
काट्याचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.
वरून रंग कसाही असो,
खोट आत असते,
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता टेबलावर मीच जॉब.
मनगटातून शिरलेली तार
तीन वर्षांमागच्या जाळीपर्यंत पोचलीय.
काल अँजिओग्राफीत सगळं ठीक दिसलं.
मग कपिलेश्वराचा पूल चढताना
छातीत व्हाईस आवळतं ते कोण?

संमतीचा कागद कानडीत होता.
सही मी मराठीत केली.
कागदाची काही तक्रार नव्हती.

"अल्लाडबेड्री," शिवलीला सिस्टर म्हणते,
आणि मी हलत नाही.
छातीत ऊन ऊन काहीतरी सुटतं,
रक्त दोन-अडीच सेकंद बाजूला सरतं,
तेवढ्यात तार उजेड पाडत मागं येते.

पडद्यावर गोल, तांबूस,
आडव्या कापलेल्या कांद्यासारखा.
त्यात जाळीच्या तारा: चकाकते ठिपके,
प्रत्येकाच्या पाठीमागं त्याची त्याची सावली.
घड्याळात सहा ते नऊ वाजतात तिथं
ठिपके भिंतीला टेकलेलेच नाहीत.
मधे काळी फट.

"किती?" मी विचारतो.
डॉक्टर मुन्नोळी वळून बघतात.
पेशंट असं विचारत नसावेत.
"चारशे मायक्रॉन."

म्हणजे चाळीस घरं.

दत्तोबा मुचंडीकरचा अख्खा लॉट
मी सहा घरांवरून परत पाठवला होता.
प्रत्येक नगावर तांबडी रेघ.
त्याचा दिवाळीआधीचा ओव्हरटाइम गेला.
फाटकापाशी सायकल धरून तो एवढंच म्हणाला,
"होय की. तू मोजलंस म्हणजे बरोबरच असणार."

मोठा फुगा येतो, साडेतीनचा.
फुगतो.
डावा दंड, जबडा, दाढा,
मी आकडे मोजतो, अकरापर्यंत जातो.
पुन्हा तार. पुन्हा ऊन. पुन्हा गोल.
फट मिटलीय,
फक्त वळणापाशी दोन ठिपके
अजून उघडे, अधांतरी.

"तेवढं राहू दे," डॉक्टर म्हणतात,
"आणखी ताणलं तर भिंत फाटंल.
गोळ्या सोडू नका, वर साय धरंल."

राहू दे.
कारखान्यात त्याला वेगळी स्लिप होती,
पिवळी, डेव्हिएशनची.
तीस वर्षांत मी एकीवरही सही केली नाही.

संध्याकाळी मालन पेज घेऊन येते.
मनगटावरची घट्ट पट्टी बघते,
काही विचारत नाही.
मीच विचारतो,
दत्तोबा अजून मच्छेलाच राहतो काय?
नंबर असंल बघ की कुणाकडं.

आज हा हात वाकवायचा नाही म्हणे.
तूच लाव.