जसं सांगितलं तसं

मी लेखनिक. म्हणजे फक्त हात.
डोकं त्याचं, हात माझा,
नियमांच्या कागदावर हेच जरा लांबवून लिहिलंय.

फ्रेझरबराच्या बंदरामागची शाळा,
पाककलेच्या तासाची जुनी खोली,
झाकून ठेवलेले सहा ओव्हन,
दोन खुर्च्या, एक घड्याळ, आणि इनिस बुकन.
सोळा पूर्ण. नखात अडकलेला
काकाच्या जाळ्याचा हिरवा धागा.

बाकीचे हॉलमध्ये. एकशेचाळीस टेबलं.
खुर्च्या सरकल्याचा आवाज इथवर आला,
मग काहीच आलं नाही.

प्रश्न मी वाचायचा, सपाट आवाजात.
कुठल्याही शब्दावर जोर द्यायचा नाही,
भुवई उंचावायची नाही,
तो म्हणेल तितक्यांदा पुन्हा वाचायचा.
दुसरा प्रश्न त्यानं पाचदा वाचून घेतला.
पाचही वेळा मी तो पहिल्यांदाच पाहिल्यासारखा वाचला.

ही खोली मिळायला तीन वर्षं लागली.
मी विचारलं नव्हतं, त्याच्या आईनंच सांगितलं,
फाटकापाशी, मासळीच्या कारखान्यातून तशीच आलेली,
पांढऱ्या गमबुटांवर खवले.
पहिल्या अर्जाला उत्तर आलं: मुलगा बोलतो छान, अडचण दिसत नाही.
दुसऱ्याला: तपासणीची यादी लांब आहे.
तिसरा तिनं पाठवलाच नाही,
हातात धरून कार्यालयातल्या बाकावर जाऊन बसली.
डबा तिथंच खाल्ला. रात्रपाळी करून पुन्हा तिथंच.
चौथ्या दिवशी कुणीतरी चहा आणून दिला.
सही त्यानंतर सात आठवड्यांनी.

तपासणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं म्हणे,
अक्षरं हलतात का रे तुझी?
सगळे हेच विचारतात.
नाही हलत, म्हणाला.
ती आपली जागच्या जागी उभी असतात,
मीच त्यांच्यापाशी उशिरा पोचतो.

पंचवीस टक्के जादा वेळ.
माझी बहीण म्हणते, फुकटची सवलत.
तिची नात हॉलमध्ये बसलीय.
मी वाद घातला नाही.
भुवई मात्र उंचावली. स्वयंपाकघरात नियम लागू नाहीत.

आता तो बोलतो आणि मी लिहिते.
लाटा किनाऱ्याला तिरक्या येतात, तो सांगतो,
आणि जाताना सरळ जातात,
म्हणून दगड दरवर्षी थोडा पुढे गेलेला असतो
त्यानं स्वतः काही न करता.
वा, म्हणायचं नाही.
स्वल्पविराम तो सांगेल तरच द्यायचा. तो सांगत नाही.
एका दमात सगळा किनारा माझ्या कागदावर.

मग तो म्हणाला, मेडिटेरेनियन.

माझा हात थांबला.
दोन टी की दोन आर?
चाळीस वर्षं टपाल वाटलं मी,
लोकांची गिचमिड पत्त्याला लावली,
पावसानं धुतलेली घरंसुद्धा शोधून काढली.
लिहिलं. खोडलं. वर लिहिलं. तेही पटेना.
कानाच्या पाळ्या तापल्या,
दहा वर्षांची असताना फळ्यापुढे तापायच्या तशा.

तो बघत होता, माझ्या पेनाच्या टोकाकडे.
हसला नाही.
‘सावकाश,’ म्हणाला, ‘वेळ आहे आपल्याकडे.’

हे उत्तरात लिहायचं की नाही, याचा नियम नाही.
मी नाही लिहिलं.

हॉल सुटला. पोरं खिडकीवरून धावत गेली,
एकानं काचेवर थाप मारली.
इनिसनं नखातला धागा ओढून काढला,
टेबलाच्या कडेला सरळ करून ठेवला.
‘शेवटचा पुन्हा वाचा.’

वाचला.
पहिल्यांदाच पाहिल्यासारखा.