घोळीच्या डोक्यातले खडे

रुमडाच्या घळीत आम्ही तीन आठवडे
गुडघ्यांवर होतो.
वर जांभ्याचं छत घाम गाळतं,
वटवाघळांच्या लेंड्यांखाली राख,
राखेखाली कालवांची कवचं,
आणि त्याखाली, एक मीटर दहावर,
ती.

कुशीवर. गुडघे हनुवटीशी,
होडीच्या नाळीत थंडीचं कोणी निजावं तशी.
हाडांवर गेरू.
डोक्याखाली चपटा धोंडा.
उशी, असं मी लिहिलं नाही.
माझं काम आराखड्याचं:
दोरी, ओळंबा, आलेखाचा कागद, दहास एक.

कवटीजवळचे पांढरे खडे
चुनखडी समजून मी बादलीत टाकले.
चाळणीवर द्वारका कुबल होती.
चाळणी थांबली.
"ह्ये धोंडे न्हंय वो.
घोळीच्या डोक्यातले खडे ह्ये."
तळहातावर मांडले तिनं,
वालाच्या दाण्याएवढे, एका अंगाला खाच.
चौदा.

मग चाळता चाळता सांगत राहिली.
तिचा बापूस रात्री वल्हं पाण्यात उभं धरी
आणि दांड्याला कान लावी.
घोळ खालून बोलते.
मेळ कुठे आहे ते वल्ह्यातून कळतं.
शेवटी शेवटी त्याला माणसांचं ऐकू येईना,
वल्ह्याचं यायचं.
गेला तेव्हा तुळस दिली, पाणी दिलं.
वल्हं नाही दिलं,
ते धाकट्या भावाला लागणार होतं.

मी परत खड्ड्यात उतरलो.
कानाच्या भोकापासून तीन सेंटीमीटरवर
ओल्या मातीत त्यांचे ठसे अजून होते,
चंद्रकोरीसारखे, एकाला एक लागून.
सांडलेले नव्हेत.
कोणीतरी मासा खाताना डोकं फोडून, चोखून,
प्रत्येक वेळी दोन बाजूला ठेवले होते.
किती हंगाम, कोण जाणे.
कोणाच्या कानासाठी, हे आधी ठरलं होतं का,
तेही.

संध्याकाळी पिशवीत भरले तेव्हा तेरा भरले.
द्वारका पाणंदीनं खाडीकडे उतरत होती,
डबा डाव्या हातात,
उजवी मूठ मिटलेली.

दोन महिन्यांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं:
घोळीला खडे दोन असतात.
तेरा कसे?

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं,
'एक मिळाला नाही.'

आराखड्यावर ठिपके चौदा आहेत.