दक्षिणेकडे तोंड

शाहिस्तानं पत्र्यावर पाय ठेवलाच नाही.
शिडीच्या वरच्या पायरीवरून
बोटाच्या पेरानं एकदा वाजवून पाहिलं
आणि खाली येत म्हणाली,
"हे छप्पर स्वतःलाच कसंबसं धरून आहे, येमूलभाऊ.
ह्याच्या डोक्यावर आणखी कुणाला बसवू नका."

छत्तीस वर्षांचा पत्रा.
खाली सहा माग, दिवसभर खटक-खटक,
वर एकेक बोल्ट सैल होत गेलेला.
गळतं तिथं डांबर, डांबरावर पोतं,
पोत्यावर वीट, विटेवर कावळा.

मग राहिलं मागचं अंगण.
तिथं काय, तर अम्माची विडीची पानं भिजवायची बादली,
मोडकी बॉबिनची पेटी,
साईचरणची स्टंप म्हणून उभी केलेली वीट,
आणि लाइट बिल भरून आल्यावर
मी जिच्याकडे बघत उभा राहायचो ती भिंत.

शाहिस्ता फोन हातात धरून अंगणभर फिरली.
नऊला इथं शेजारच्या टाकीची सावली,
तीनला तिथं गुंडेटींच्या कडुनिंबाची.
अर्ध्या तासानं चुन्यानं एक पट्टा आखला,
लांब, अरुंद.
"इथं. दिवसभर ऊन. तोंड दक्षिणेला."

अम्मा ताडकन उठली.
"दक्षिणेला दार ठेवत नाही आपण,
झोपताना पाय करत नाही.
यमाकडे तोंड करून काय बसवतेस, पोरी?"
"सूर्य तिकडूनच जातो, मावशी.
यमाचा बापच ना तो?"
अम्मा हसली. मग बराच वेळ
मुलाण्यांच्या पोरीला हे कोणी सांगितलं
ह्याचा विचार करत पानं कापत राहिली.

दुसऱ्या दिवशी खड्डे.
दोन फूट काळी माती, खाली मुरूम.
ओकटी, रेंडू, मूडू, अम्मा मोजत होती.
चौथ्यात पहार अडकली.
दगड नव्हता. बाभळीचा खुंट,
वरून कुजलेला, खाली अजून टणक,
कमरेला दोरीची खाच.

नान्नांचा. पाजणीचा.
हातमाग होते तेव्हा इथून तिथवर ताणा ताणून
खळ लावत, कुंचा फिरवत
ते उलटे चालायचे.
सूत वाळेपर्यंत आम्हाला अंगणात पाय टाकायची बंदी.
वाळलं की नाही ते हात लावून बघत नसत.
धागा छेडायचे
आणि कान द्यायचे.

चुन्याचा पट्टा मी पुन्हा पाहिला.
शाहिस्ताला काही बोललो नाही,
तिच्या अजून दोन साइट बाकी होत्या.
"ठेवायचा का फेकायचा?" खड्डेवाल्यानं विचारलं.
"काढ. खड्डा मात्र तिथंच राहू दे."

आता बारा काचा आहेत, तिरक्या.
येणारा-जाणारा विचारतो, जमिनीवर?
पोरं फोडतील, धूळ बसेल, जागा गेली.
जागा गेली, खरं आहे.
साईचरणचा चेंडू दोनदा आदळला.
काचेला काही झालं नाही,
तोच घाबरून रात्री जेवला नाही.
धूळ तर बसतेच, रस्त्याची, शेडमधल्या सुताची.
सकाळी अम्मा नापास टॉवेल भिजवून
एकेक काच पुसते, टाचही न उचलता.
पाणी निथळतं तिथं
न पेरता तांदुळजा उगवलाय.

दुपारी त्यांच्याच खाली
तिचं सूप, कात्री, तंबाखू.
मधूनच हात वर करून काचेच्या पाठीला लावते,
पोराचा ताप बघावा तसा.

ढग आला की मीटरचा आकडा उतरतो.
माग थांबत नाहीत, बोर्डाची वीज येते,
आवाजात काही फरक नाही म्हणतात.
मला वाटतो.

खुंट साईचरणनं नेला.
विटेपेक्षा बरा आहे म्हणतो,
चेंडू लागला तरी पडत नाही.