कोपरासाठी जागा

गुरुवारी संध्याकाळी लायब्ररीच्या तळघरात
आम्ही सहा-सात जणी जमतो. बाहेर उणे बावीस.
बुटांचा बर्फ दाराशी झटकायचा,
कॉफीचं यंत्र लावायचं, आपापली खोकी उघडायची.

माझ्या खोक्यात काय नाही ते विचारा.
सोनेरी कोपरे, लेसची बंडलं,
पंख वर उचललेली फुलपाखरं,
‘आनंद’ या एकाच शब्दाचे एकशे वीस स्टिकर.
मी पान भरते.
ताटात मोकळी जागा दिसली
की माझी आई वाढत सुटायची,
तसंच हे.

आर्डिस टॉलेफसन माझ्या समोर बसते.
तिच्याकडे एक पट्टी, एक पेन्सिल,
दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा.
बारा इंच बाय बारा इंच पांढरं पान,
त्यावर खाली, डावीकडे,
काडेपेटीएवढा फोटो.
संपलं.

‘कागद काय फुकट येतो गं?’ जॉयलिन म्हणाली.
‘पान अजून व्हायचंय ना?’ मी.
आर्डिसनं पट्टी लावली,
फोटो केसभर सरकवला.
‘आता झालं.’

हात आखडता, मी मनात म्हटलं.
नवऱ्याला पुरून आलो त्या दुपारीही
हिनं कॉफीसोबत
माणशी एकच बिस्कीट ठेवलं होतं.

एकदा तिनं गोठलेल्या सरोवराचा फोटो लावला.
त्याची वरची कड अशी कापली होती
की बर्फ कुठे संपतो, कागद कुठे सुरू होतो,
बोट फिरवल्याशिवाय कळेना.
मी फिरवलं.
तिनं माझं मनगट धरलं:
‘तेल लागतं हाताचं.’

मग मार्चमध्ये तो फोटो.
एकोणीस वर्षांची आर्डिस,
हातात पायाएवढा मासा,
उजवीकडे बघून हसतेय, सगळे दात दिसतायत
(हे दात आम्ही कुणी पाहिले नव्हते).
आणि उजव्या कडेला, फोटोत चुकून शिरलेलं,
कुणाचं तरी कोपर.
लाल-काळ्या चौकडीची बाही.

‘हे उडवून टाक,’ म्हणत
मी माझी नागमोडी कात्री पुढे केली.
तिनं ती बंद केली, माझ्याकडे परत सरकवली.
फोटो डावीकडे चिकटवला, अगदी कडेजवळ,
आणि उजवीकडचे नऊ इंच तसेच ठेवले. कोरे.
तारीख नाही. नाव नाही.

‘एवढी जागा कुणाला?’
आर्डिस ब्लेड पुसत होती.
‘तो तिकडे गेला,’ म्हणाली.

व्हर्लिन टॉलेफसन जन्मभर राखाडी शर्ट घालायचा.
एक राखाडी धुवायला, एक अंगावर.
हे गावात सगळ्यांना माहीत आहे.
जॉयलिननं माझ्याकडे पाहिलं,
मी लेसच्या बंडलाकडे.

त्या रात्री मी घरी माझी जुनी पानं काढली.
कोरालीचा तिसरा वाढदिवस:
केक, फुगे, रिबिनी, चार ससे, सतरा ‘आनंद’,
मधे कुठेतरी कोराली.
एक ससा नखानं उचलला.
खाली गोंदाचा पिवळा डाग.
दुसरा उचलला, कागदाची साल निघाली.
पहाटे दोनपर्यंत बसले होते,
आणि पान आधी होतं त्याहून गचाळ.
पांढरं असं मागाहून मिळत नाही तर.
कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी खोकं नेलं नाही.
नुसता एक कोरा कागद, एक फोटो:
टूसॉनला निघालेली कोरालीची गाडी, मागून.
एक तास ठेवत होते, उचलत होते.
हात मांडीवर घेऊन बसले, तरी शिवशिवत होते.
शेवटी चिकटवला.

आर्डिस उठली, माझ्यामागे येऊन उभी राहिली.
खूप वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
‘अर्धा इंच वर हवा होता.
रस्ता खाली जास्त सोड.’

आणि स्वतःच्या गठ्ठ्यातला एक कागद
मोजून, एकच,
माझ्यापुढे ठेवला.